शेंगा नावाचं करडू आणि पूर्व भागातली डिझायनर

चित्रकथेसाठी, शाळेच्या भित्तिपत्रकासाठी नाहीतर दुकानाच्या पाटीसाठी ज्यांना एखादं कॅरेक्टर काढून घ्यायचंय आणि पुण्याचे दर ऐकून जे गप्प बसलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं काम सोलापुरातच झालं, पूर्व भागात, अशोक चौकातून आत गेल्यावर. डिझायनर एकटीच आहे, पंचविशीच्या आतली पोरगी, घराच्या माडीवरच्या खोलीत बसून काम करते. बोर्ड नाही. ओळखीतूनच काम घेते, नाव-नंबर कुठं टाकू नका असं तिनं बजावलंय, म्हणून टाकत नाही. त्या भागातल्या चादरी-टॉवेलवाल्यांपैकी कुणालाही ‘टॅबवर चित्रं काढणारी’ म्हणून विचारा, घर दाखवतील.

मत आधीच सांगून टाकतो: काम चोख, वेळ पाळण्यात कच्ची, पैसे वसूल.

माझी ऑर्डर जरा आडमार्गाची होती. मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. सगळी नोकरी उत्तर सोलापूर, मोहोळ, मंगळवेढा या पट्ट्यात, शेळ्या-मेंढ्या आणि खिलार जनावरांत गेली. निवृत्त झाल्यावर नातवंडांसाठी गोष्टी लिहायला लागलो, त्यातली एक शेंगा नावाच्या करडाची. शेंगाचं शरीर जन्मापासूनच शेळी आणि बोकड यांच्या मधलं आहे. इंटरसेक्स. अशी करडं मी नोकरीत हाताळलीत, टोचलीत, त्यांचे जंत पाडलेत, त्यामुळं मला त्यात नवल काही वाटत नाही. पण लिहिणं वेगळं आणि चित्रात दाखवणं वेगळं. दहा वर्षांच्या पोराला चित्र बघून काहीतरी कळलं पाहिजे, शेळ्या पाळणाऱ्याला ते खोटं वाटता कामा नये, आणि अशा शरीराच्या एखाद्या माणसाच्या हातात पुस्तक पडलं तर आपली टिंगल केलीय असं त्याला वाटू नये.

नातवानं आधी मोबाइलवर एआयकडून काढून दाखवलं. अर्धं करडू निळं, अर्धं गुलाबी, वर चमचमणारा धूर. तो विषय तिथंच संपला.

गंमत अशी की या पोरीचा पहिला रफसुद्धा थोड्याफार फरकानं तसाच आला. करडाच्या बरोबर मधोमध रेघ. डावीकडं शिंग, दाढी, जाड मान; उजवीकडं लांब पापण्या आणि कानामागं अबोलीचं फूल. रेषा मात्र सुंदर, हात तयार आहे हे लगेच दिसतं. मी विचारलं, असं मधोमध का कापलंस? म्हणाली, “काका, इंटरसेक्स म्हणजे अर्धं-अर्धं ना?” तिच्या टेबलामागच्या भिंतीवर अर्धनारीनटेश्वराचं कॅलेंडर होतं, त्याचा परिणाम असणारच. दुसरं कारण मला नंतर कळलं. तिचे वडील चादरीचे डिझायनर. आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, नक्षी काढायचे, मग त्यावरून यंत्राला लावायचे भोकांचे पत्ते पाडायचे. त्या कामात पुष्कळदा अर्धीच नक्षी काढायची असते, उरलेली अर्धी तीच उलटवून. पोरगी त्याच तालमीत वाढली. टॅबवर सुद्धा ती सममितीचं बटण दाबूनच सुरुवात करते, एका बाजूला रेघ ओढली की दुसऱ्या बाजूला आपोआप उमटते. तिच्या बोटांना मधली रेघ सवयीची आहे.

मग मी तिला कोंबड्यांचं सांगितलं, कारण अर्धं-अर्धं अंग निसर्गात खरंच असतं, फक्त शेळीत नसतं. २०१० साली स्कॉटलंडच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी तीन कोंबड्यांवरचा अभ्यास छापला होता. एका बाजूनं कोंबडा, दुसऱ्या बाजूनं कोंबडी. एकीकडचा गळ्याखाली लोंबणारा गलोल मोठा, छातीचं मांसही जास्त. त्यातून दिसलं ते असं की पक्ष्याची प्रत्येक पेशी आपण नर की मादी हे बऱ्याच अंशी स्वतःच ठरवते. फुलपाखरांत, पतंगांतही असे नमुने सापडतात, एक पंख नराच्या रंगाचा आणि दुसरा मादीच्या. सस्तन प्राण्यात मात्र रक्तातून फिरणाऱ्या संप्रेरकांचा हुकूम चालतो, आणि रक्त नाकाच्या रेघेवर येऊन थांबत नाही. सगळ्या अंगाला लागतं. त्यामुळं शेळीतलं इंटरसेक्स करडू सगळ्या अंगानं थोडं थोडं मिसळलेलं असतं. कुठं मान जाड, कुठं हाड नाजूक, आणि कुठली एक बाजू कुणाची असं काही सांगता येत नाही.

तिनं ऐकून घेतलं, सममितीचं बटण बंद केलं आणि तो रफ पुसून टाकला. माझ्यादेखत. मी तर म्हणेन, या सेवेला चार चांगले शब्द लिहावेत असं मला तिथंच वाटलं. आपलं काढलेलं असं पुसायला जड जातं चित्रकाराला, मी इतर चित्रकारही पाहिलेत.

प्राणी कुठला, यावर मात्र तिची आणि माझी बरीच ओढाताण झाली. करडू हे मी पक्कं ठरवून गेलो होतो, तिनं दुसऱ्या भेटीला भली मोठी यादी आणली. ठिपक्यांचं आफ्रिकन तरस, क्लाउनफिश, आफ्रिकेतल्याच ओकावांगोच्या आयाळवाल्या सिंहिणी. तरसाची मादी बाहेरून नरासारखी दिसते, पिल्लूही त्याच वाटेनं जन्माला घालते, हे खरं. पण ती त्या जातीतल्या प्रत्येक मादीची घडण झाली. कळपात सगळ्याच तशा. माझं शेंगा कळपात एकटं वेगळं आहे, गोष्टच ती आहे. शिवाय आपल्या नान्नजच्या माळाकडं दिसतं ते तरस पट्ट्यांचं, त्याचा या प्रकाराशी संबंध नाही. क्लाउनफिशमध्ये टोळीतली मोठी मादी मेली की तिचा जोडीदार नर हळूहळू मादी होतो. तो आयुष्याच्या मध्यात घडणारा बदल, शेंगा पहिल्या श्वासापासून तसंच आहे. सिंहिणींवर तिचा फार जीव होता. आयाळ काढायला मिळणार ना! पण मला सोलापूरच्या पोरानं रोज बघितलेला प्राणी हवा होता.

मग म्हणाली, गाय? तो प्रश्न बरा होता. गोऱ्ह्याच्या जोडीनं जुळी जन्मलेली कालवड शंभरात नव्वदपेक्षा जास्त वेळा वांझ निघते, हे खेड्यातली जुनी माणसंही जाणून असतात. गर्भात दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात, गोऱ्ह्याकडची संप्रेरकं कालवडीत उतरतात आणि तिच्या अंडाशयाची वाढ बिघडते. पण बाहेरून ती चारचौघींसारखी कालवडच दिसते. ती गाभण राहत नाही हे कळायला वर्ष-दोन वर्षं जातात. कॅरेक्टर शीटवर, म्हणजे कॅरेक्टर सगळ्या बाजूंनी आणि वेगवेगळ्या चेहऱ्यांत दाखवायच्या त्या कागदावर, काढणार काय, डॉक्टरचा रिपोर्ट?

शेळीचं तसं नाही. शेळीत यातला एक प्रकार भुंडेपणाशी बांधलेला आहे. शिंगं न येण्याचं जनुक आईबापांपैकी एकाकडून आलं तर करडू नुसतं भुंडं होतं. दोघांकडून आलं, आणि करडू गुणसूत्रांनी मादी असलं, तर त्याची वाढ नराच्या अंगानं व्हायला लागते. सानेन, अल्पाइन अशा युरोपी दुभत्या जाती पाळणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे, म्हणून ते भुंड्या शेळीला भुंडा बोकड दाखवत नाहीत, जोडीतलं एक शिंगाचं ठेवतात. २००१ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी त्याचं मूळ शोधलं: पहिल्या गुणसूत्रावरचा साधारण ११,७०० अक्षरांचा एक तुकडाच गळालेला असतो. म्हणजे तिच्या पहिल्या रफमध्ये ‘नराची खूण’ म्हणून जे शिंग होतं, तेच आधी काढून टाकायला हवं होतं. शेंगाच्या डोक्यावर शिंग नाही, तिथं नुसता केसांचा भोवरा आहे. ही सगळी माहिती मी सांगितली, पण त्या भोवऱ्यावर अख्खं डोकं उभं करायची कल्पना तिची. लांबून नुसती काळी सावली दाखवली तरी शेंगा ओळखू येतं. कॅरेक्टर असंच ओळखू आलं पाहिजे म्हणे, सावलीवरून.

त्यानंतर तिला देगावच्या बाजूला एका ओळखीच्या माणसाच्या वाड्यावर नेलं. शेळ्या उस्मानाबादी, काळ्या, काहींच्या कानांवर पांढरे ठिपके. पोरगी पूर्व भागात जन्मलेली, शेळी तिनं रस्त्यावरच बघितलेली. पेंडीच्या पोत्यावर बसून तिनं पानंच्या पानं भरली. आधीच्या चित्रात डोळे माणसासारखे गोल होते. इथं एका शेळीच्या तोंडाशी तोंड नेऊन बघितल्यावर तिला बाहुली आडवी, चपटी, फटीसारखी दिसली. “हे असलं असतं होय?” म्हणून ती तिथंच हसत सुटली. मग मी शेळीचा वरचा ओठ उचलून दाखवला: समोर वरचे दात नसतातच, नुसती कडक हिरडी. तिच्या शीटवर शेंगा दोन्ही ओळींचे दात दाखवून हसत होतं.

दातांचं भांडण अजून मिटलेलं नाही. हसरा चेहरा तिनं वरच्या दातांसकटच ठेवलाय. मुलांना हसू कळायला दात लागतात, असं तिचं म्हणणं. मला ते पटलेलं नाही. वाड्यावरच्या पोरानंही चित्र बघून पहिलं तेच विचारलं. पण चेहऱ्यावरच्या सहा भावांपैकी हा एकच तिच्या मनाचा, बाकी पाच अचूक आहेत, म्हणून सोडून दिलं.

त्या पाचातला एक तर मी फ्रेम करून लावणार आहे. बोकड मूत हुंगल्यावर मान वर करतो, वरचा ओठ मुरडून नाकाकडं नेतो आणि काही क्षण तसाच उभा राहतो. वासाचा अर्थ लावायची ती त्याची रीत. शेळ्याही कधी कधी करतात, बोकड जास्त. मी पाहिलेली मधल्या अंगाची करडं मोठी होताना हे करायला लागली होती, आणि मालकाला शंका यायची ती तिथंच. जन्मताना असं करडू बहुधा मादीसारखंच दिसतं. महिने गेले की मान भरते, दाढी राठ होते, अंगाला बोकडाचा वास यायला लागतो. तिनं तो मुरडलेला ओठ शेंगाचा ठेवणीतला चेहरा करून टाकला. शेंगा विचारात पडलं की ओठ मुरडतं. विनोदी दिसतं, पण हसावंसं वाटतं ते शेंगाच्या बाजूनं. आणि वास? वास कागदावर येत नाही, म्हणून तिनं शेजारच्या शेळ्यांच्या नाकपुड्या फुगवलेल्या काढल्या. मी पस्तीस वर्षं जनावरांत घालवली, मला हे सुचलं नसतं.

शरीराचा नाजूक प्रश्न होताच. आचळं दाखवायची का, शेपटीखाली काही सुचवायचं का? मी माझ्या खात्यातल्या सवयीनं सगळं स्पष्ट बोलून मोकळा. तिनं शांतपणे विचारलं, “काका, माणसाचं चित्र काढताना कुणी विचारतं का, चड्डीत काय आहे?” संपलं. शेंगाच्या शीटवर असलं काही नाही आणि त्यावाचून काही अडलेलंही नाही.

रंगांचं काम तिनं माझ्याशिवाय केलं. करडू काळं, कानांवर पांढरे ठिपके, आणि गळ्यात पिवळी दोरी, त्यात एक जांभळी कडी. मी म्हटलं, दोरी लालच घालतात बाजारात. तेव्हा तिनं मोबाइलवर इंटरसेक्स लोकांचा झेंडा दाखवला: पिवळ्यावर जांभळं, न तुटलेलं वर्तुळ. ऑस्ट्रेलियातले मॉर्गन कार्पेंटर यांनी तो २०१३ साली तयार केला, निळा-गुलाबी मुद्दाम टाळून. ज्याला ठाऊक आहे त्याला खूण पटेल, ज्याला नाही त्याला ती दोरीच वाटेल. आमच्या सौ.ना तर ती बाळ्याच्या खंडोबाचा भंडारा लावलेली दोरी वाटली. तेही चालेल.

काम चालू असताना ती बरंच विचारायची, माणसांत असं असतं का, कसं असतं. मी जनावरांचा माणूस, पण जेवढं पक्कं माहीत तेवढं सांगितलं. गुणसूत्रं, ग्रंथी, संप्रेरकं यांत कुठंही फरक पडू शकतो, काहींना जन्मताच कळतं, काहींना वयात येताना, काहींना कधीच नाही. गोष्टीत मालकाचा मेव्हणा म्हणतो, कापून एका बाजूला लावून टाका. तो प्रसंग लिहिताना माझ्या डोक्यात मद्रास उच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल होता. त्यानंतर तामिळनाडू सरकारनं तान्ह्या मुलांवर अशा शस्त्रक्रिया करायला बंदी घातली, जिवावर बेतलं असेल तेवढा अपवाद ठेवून. हे ऐकल्यावर तिनं त्या पानासाठी शेंगाची वेगळी पोझ काढली. आधीच्या रफमध्ये शेंगा घाबरून कोपऱ्यात बसलेलं होतं. नव्यात ते मेव्हण्याच्या धोतराचा सोगा चघळतंय.

आता तक्रारी. वेळ अजिबात पाळली नाही. संक्रांतीआधी देते म्हणाली आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्यात, म्हणजे आमच्या संक्रांतीच्या जत्रेत, अडकली. काठ्यांची मिरवणूक झाली, होम झाला, शोभेचं दारूकाम झालं, तरी फाइल नाही. विचारलं तर “देते की काका” एवढंच. फाइल आली ती व्हॉट्सअ‍ॅपवर दाबून बारीक झालेली, छापायला निरुपयोगी. मोठी फाइल ड्राइव्हवर मागून घ्यावी लागली, आणि थर (लेयर) वेगळे असलेल्या फाइलचे पाचशे वेगळे. हे आधी सांगायला हवं होतं. हक्कांचं काही कागदावर नाही. मी आग्रह धरला तेव्हा तिनं मेसेजमध्ये लिहून दिलं की चित्रकथा आणि त्या चित्रकथेची जाहिरात यांसाठी वापर माझा, बाकी तिचा. बॅकग्राउंड काढण्यात तिला रस नाही आणि ते दिसतं: बाभूळ सगळीकडं एकच, चिकटवलेली.

पैसे असे: पूर्ण शीटचे साडेचार हजार. त्यात समोरून, बाजूनं, मागून अशी तीन दृश्यं, सहा भाव, रंगांची पट्टी. दोन दुरुस्त्या फुकट, पुढच्या प्रत्येकीला तीनशे. वाड्यावर यायचे वेगळे घेतले नाहीत.

उलट एक जादा चित्र तिनं आपणहून दिलं. बोलता बोलता मी आरवणाऱ्या कोंबडीचं सांगितलं होतं. कोंबडीचं डावीकडचंच अंडाशय काम करतं. ते आजारानं निकामी झालं तर उजवीकडं निजून राहिलेली ग्रंथी वाढू शकते, नराची संप्रेरकं बनायला लागतात, तुरा मोठा होतो आणि कोंबडी बांग देते. आपल्याकडं ते अशुभ म्हणून तिला त्याच दिवशी कापतात. तिनं ती कोंबडी काढून पाठवली: मोठा तुरा, एका पायावर उभी, पहाटे सगळ्या वाड्याला उठवून वर स्वतःच वैतागलेली. शेंगाची शेजारीण म्हणून. आता तिच्यासाठी मला दुसरी गोष्ट लिहावी लागणार, म्हणजे दुसरी ऑर्डर आलीच. पोरगी धंद्यातही कच्ची नाही.

पाचातले चार देतो. एक गड्ड्यापायी कापला.

जाणार असाल तर संध्याकाळी पाचनंतर जा. उन्हाळ्यात दुपारी माडी तापते, ती खाली झोपलेली असते आणि फोन उचलत नाही. अ‍ॅडव्हान्स निम्मा, परत मिळत नाही. फाइल कुठल्या आकाराची, थरांसकट की बिनथरांची, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. आणि कॅरेक्टर जनावराचं असेल तर तुमच्या ओळखीच्या जनावराचे फोटो न्या, समोरून, बाजूनं आणि तोंड उघडं असताना. इंटरनेटवरचे फोटो दाखवलेत तर ती आता तुम्हालाच विचारते, वरचे दात मोजले होते का?